ब्यूटी : अ रीटेलिंग ऑफ द स्टोरी ऑफ ब्यूटी अँड द बीस्ट

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली एक अद्भुतरम्य इंग्रजी कादंबरी. अमेरिकन लेखिका रॉबिन मकिन्ली (१६ नोव्हेंबर १९५२–    ) हिची ही पहिलीच कादंबरी असून ती न्यूयॉर्क येथील ‘हार्पर अँड रो’ ह्या प्रकाशनसंस्थेने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. म. शी. ‘ब्यूटी : सुंदरी आणि पशू ह्या कथेचे पुनर्कथन’. शीर्षकात सूचित केल्याप्रमाणे अठराव्या शतकातील एक सुविख्यात फ्रेंच परीकथा, तिच्यातील घटनांचा क्रम बहुतांशी कायम ठेवून, तीत कादंबरीच्या विस्ताराने पुन्हा सांगितली आहे. अभिजात परीकथांवर आधारलेल्या कुमारकादंबऱ्यांची जी परंपरा इंग्रजीत पुढे विपुलतेने वाढली, तिच्या आरंभीच्या कृतींपैकी ही एक होय. तथापि तिचे महत्त्व केवळ कालानुक्रमाचे नाही. कथानकाला फारसा धक्का न लावता त्याचा अर्थ किती पालटता येतो आणि कोणत्या जागी कथानकच त्या पालटाला दाद देत नाही, हे ह्या कादंबरीत स्पष्टपणे पाहावयास मिळते.

मूळ कथेचा पूर्वेतिहास मोठा आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील लॅटिन ग्रंथकार ॲप्यूलीअस ह्याच्या मेटॅमॉर्फसिस (गोल्डन ॲस ह्या नावानेही परिचित) ह्या ग्रंथात क्यूपिड आणि सायकी ह्यांची कथा आली आहे. अदृश्य पती, अदृश्य सेवकांचे केवळ आवाज ऐकू येणारा प्रासाद, मत्सरी बहिणी, मनाई मोडल्यामुळे घडणारा वियोग व नायिकेने कष्टाने साधलेले पुनर्मीलन हे तिचे घटक पुढील अनेक कथांतून आढळतात. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘हरवलेल्या पतीचा शोध’ ह्या ४२५ क्रमांकाच्या कथाप्रकारात ह्या सर्व कथांचा अंतर्भाव होतो आणि सुंदरी व पशू ह्यांची कथा त्याचा एक उपप्रकार (४२५ क) मानली जाते. [⟶ लोककथा].

ह्या कथेला आज परिचित असलेले वाङ्‌मयीन रूप मात्र दोन फ्रेंच लेखिकांनी दिले. गाब्रीएल-सूझान बार्बो द व्हीलनव्ह (मृत्यू १७५५) हिने १७४० मध्ये ती प्रथम लिहिली, ती प्रौढ वाचकांसाठी. तिची कथा दीर्घ व गुंतागुंतीची असून तीत पऱ्यांच्या आपसांतील वैरांचे व नायिकेच्या जन्मरहस्याचे लांबलचक उपकथानक आहे. अखेरीस नायिका व्यापाऱ्याची मुलगी नसून एका राजाची व परीची कन्या असल्याचे उघड होते. झान-मारी लप्रँस द बोमाँ (१७११–८०) ही लंडनमध्ये खानदानी घराण्यांतील मुलींची शिक्षिका म्हणून काम करीत असे. १७५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मागाझँ देझांफां ह्या आपल्या बोधपर ग्रंथात तिने ही कथा पुष्कळच संक्षिप्त करून घातली. पुढील वर्षीच तिचे इंग्रजी भाषांतर झाले आणि तेव्हापासून जगभर सांगितली जाते ती मुख्यतः बोमाँचीच कथा. दोहोंतील एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. व्हीलनव्हचा पशू नायिकेला रोज रात्री शय्यासोबतीविषयी विचारतो. बोमाँने मुलींच्या वाचनासाठी त्या प्रश्नाचे रूपांतर लग्नाच्या मागणीत केले. प्रश्नाचे शब्द बदलले, तरी तो रोज विचारला जातो आणि नकार मिळताच पशू मुकाट्याने निघून जातो, हे दोहोंत समान आहे.

मुलींची लग्ने वडिलांनी ठरवावी व मुलींनी ती निमूटपणे मान्य करावी, अशी रीत असलेल्या समाजात ही कथा लिहिली गेली, हे विसरता येत नाही. अनोळखी घरी, अनोळखी पुरुषाकडे पाठविल्या जाणाऱ्या तरुण मुलीची भीती तिच्या मुळाशी आहे व तो पुरुष भयंकर दिसला, तरी अंतर्यामी सज्जन असू शकतो, असे आश्वासन ती देते. भारतीय वाचकाला ह्या संदर्भात पंचतंत्रातील सर्परूप ब्राह्मणपुत्राची कथा आठवेल. तेथेही वधूला आपला पती सर्प असल्याचे लग्नाच्या वेळी कळते आणि इतरांनी परावृत्त करूनही पित्याने एकदा दिलेला शब्द मोडावयाचा नाही, म्हणून ती विवाहास उभी राहते. पुढे रात्री मनुष्यरूप धारण करणाऱ्या सर्पाची कात त्याचा पिता जाळून टाकतो व तो कायमचा मनुष्य होतो. शापमुक्ती तेथे पित्याच्या कृतीने होते, वधूच्या होकाराने नव्हे. फ्रेंच कथेत ती नायिकेच्या एका उच्चारावर अवलंबून ठेवलेली आहे आणि मकिन्लीच्या कादंबरीचा सगळा डोलारा ह्याच फरकावर उभा आहे.

मकिन्लीचा जन्म ओहायओ राज्यातील वॉरन येथे झाला. वडील नौदलात असल्यामुळे तिचे बालपण वेगवेगळ्या ठिकाणी गेले. मेन राज्यातील बोडन कॉलेजातून ती १९७५ मध्ये पदवीधर झाली. १९७६ मध्ये ह्या कथेचे एक दूरचित्रवाणी रूपांतर प्रसारित झाले. ते पाहून झालेल्या निराशेतून आपण ही कादंबरी लिहावयास घेतली, असे तिने सांगितले आहे.

कादंबरीचे निवेदन नायिकेच्या मुखातून झाले आहे. समुद्रकाठच्या एका शहरातील सधन व्यापारी रॉडरिक ह्यूस्टन ह्याला ग्रेस, होप व ऑनर अशा तीन मुली असतात. मुलींची आई त्यांच्या लहानपणीच वारलेली असते. धाकटी पाच वर्षांची असताना वडील तिला तिन्ही नावांचे अर्थ समजावून सांगतात. कृपा आणि आशा तिला कळतात, ‘मान’ किंवा ‘सचोटी’ म्हणजे काय हे मात्र उमगत नाही. त्यापेक्षा ‘ब्यूटी’ बरे, असे ती म्हणते आणि तेच नाव तिला चिकटते. पुढे दोघी थोरल्या बहिणी रूपवती होतात. ब्यूटी मात्र हाडकुळी, बुटकी, मोठ्या हातापायांची आणि ग्रीक-लॅटिन ग्रंथांत रमणारी मुलगी म्हणून वाढते. आपले नाव ही एक थट्टा आहे, असे तिला वाटू लागते व ती आरशांचा तिटकारा करते. वादळात वडिलांची जहाजे बुडतात, ग्रेसचा वाग्दत्त वर रॉबर्ट टकर हा कप्तानही बेपत्ता होतो आणि घराण्याचे दिवाळे निघते. होपवर प्रेम करणारा गर्व्हेन हा लोहारकाम जाणणारा तरुण त्या सर्वांना उत्तरेकडील एका खेड्यात नेतो. घरामागचे अरण्य मंतरलेले आहे, अशी तेथे वदंता असते. एका जहाजाची वार्ता ऐकून शहरात गेलेला पिता परतताना हिमवादळात वाट चुकतो, एका निर्मनुष्य किल्ल्यात आसरा घेतो आणि तेथील बागेतला एक गुलाब तोडतो. गुलाबाचा मोबदला म्हणून किल्ल्याचा स्वामी असलेला पशू त्याची एक मुलगी मागतो. मात्र तिने स्वखुशीने यावे, अशी अट घालतो. ब्यूटी आपल्या ग्रेटहार्ट नावाच्या घोड्यावर बसून जाते. पुढील कथा परिचित आहे : रोजचे सहभोजन, रोजची मागणी, रोजचा नकार, हळूहळू वाढणारी मैत्री, माहेरी जाण्याची मुदतीची परवानगी, मुदत टळणे, मरणोन्मुख पशू, होकार आणि शापमुक्ती.

बोमाँच्या कथेशी ताडून पाहिल्यास मकिन्लीने केलेले बदल संख्येने थोडे आहेत. तीन भाऊ तिने गाळले आहेत आणि बहिणींना सुस्वभावी केले आहे. हा दुसरा बदल वरवर किरकोळ वाटला, तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत. बोमाँच्या कथेत बहिणी आळशी, गर्विष्ठ व मत्सरी असतात. डोळ्यांना कांदा चोळून त्या खोटे अश्रू ढाळतात, ब्यूटीला कपटाने मुदतीपलीकडे अडवून ठेवतात आणि शेवटी शासन म्हणून प्रासादाच्या दारी पाषाणमूर्ती होऊन उभ्या राहतात. नायिकेचा चांगुलपणा त्यांच्या वाईटपणाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो, आणि कथेला पुढे ढकलण्याचे कामही त्याच करतात. त्या प्रेमळ ठरल्या, की लेखिकेचे हे हुकमी साधन नाहीसे होते. मग नायिकेने घर सोडण्याला, माहेरी येण्याला आणि तेथे रेंगाळण्याला अन्य कारणे शोधावी लागतात आणि ती नायिकेच्या स्वभावातच शोधावी लागतात. कादंबरीचा बराच मोठा भाग किल्ल्यात पाऊल पडण्यापूर्वीच खर्ची पडतो, त्याचे समर्थन येथे आहे. लाकडे वाहणे, घोड्याला शेतकामाची सवय लावणे, होपच्या जुळ्या मुलांचे संगोपन, हिवाळ्याची बेगमी ह्यांची वर्णने काही वाचकांना संथ वाटतील. परंतु जे घर सोडावयाचे, ते सोडण्याजोगे नाही, हे पटल्यावाचून पुढच्या त्यागाला वजन येत नाही. परीकथेत गरिबी एका वाक्यात येते व जाते. येथे ती दोन-तीन वर्षे कष्टाने निभावली जाते आणि तिच्यात सुखही सापडते.

माहेरी येण्याचे कारणही असेच बदलले आहे. बोमाँची नायिका आजारी पित्यासाठी परतते. मकिन्लीची नायिका किल्ल्यातील जादूच्या साहाय्याने पाहते, की रॉबर्ट टकर जिवंत आहे. इकडे ग्रेस मात्र त्याची आशा सोडून गावच्या धर्मोपदेशकाला होकार देण्याच्या बेतात असते. ही बातमी बहिणीला सांगण्यासाठी ब्यूटी आठवडाभराची मुदत मागून घेते. एका बहिणीने अपुऱ्या माहितीवर, निव्वळ नाइलाजाने लग्नाला रुकार देऊ नये म्हणून केलेला हा प्रवास आहे आणि तो करणारी स्वतः रोज रात्री एका मागणीला नकार देत असते. हे साम्य लेखिकेने कोठेही बोलून दाखविलेले नाही. घरच्यांच्या आग्रहास्तव ती एक दिवस अधिक राहते. त्यात कोणाचे कपट नसते. परतताना मंतरलेले अरण्य तिला सहजासहजी वाट देत नाही. पूर्वी किल्ल्याची वाट आपोआप समोर येत असे. ह्या खेपेस ती तिला स्वतः शोधावी लागते. सायकीने सोसलेल्या कष्टांचा हा दूरचा पडसाद होय.

किल्ल्यातील प्रकरणांत लेखिकेच्या कल्पकतेला विशेष वाव मिळाला आहे. लिडिया व बेसी ह्या अदृश्य दासी वाऱ्याच्या झुळुकांच्या रूपाने वावरतात. आरंभी ब्यूटीला त्या केवळ स्पर्शाने जाणवतात. पुढे त्यांचे आपसांतील घरगुती संभाषण तिला ऐकू येऊ लागते. किल्ल्याशी जुळत जाणारे तिचे नाते असे इंद्रियांच्या पातळीवर दाखविले आहे. ॲप्यूलीअसच्या प्रासादातील अशरीरी आवाजांना येथे स्वभाव, लाघव आणि तक्रारीही लाभल्या आहेत. ग्रंथालयात अद्याप लिहिले न गेलेले ग्रंथही असतात आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग ह्याची कविता वाचताना ब्यूटी बुचकळ्यात पडते. कथेचा काळ त्यामुळे निश्चित होत नाही, पण नायिका व पशू ह्यांच्या सहवासाला एक समान भूमी मिळते : दोघे वाचक आहेत. घोड्याला पशूची भीती वाटते आणि किल्ल्याच्या आसमंतात पाखरूही फिरकत नाही. खिडकीत दाणे टाकून पाखरांना बोलावणे आणि धीर देऊन घोड्याला पशूजवळ उभे करणे ह्या दोन छोट्या प्रसंगांत ब्यूटी त्या जागेचा शाप आपल्या परीने सैल करू लागते. प्रेमाची कबुली त्यानंतर फार उशिरा येते.

नकाराचे महत्त्व ह्या भागात विशेष प्रतीत होते. ब्यूटी बंदिवान आहे. तिला आणणारी अट न्याय्य नव्हती, हे पशूलाही ठाऊक असते. अशा स्थितीत मिळालेला होकार खरा कसा मानावयाचा, ही मूळ कथेतीलच अडचण आहे आणि अनेक समीक्षकांनी ह्या कथेवर, बंधनालाच प्रेम म्हणावयास शिकविणारी कथा म्हणून, आक्षेप घेतला आहे. मकिन्लीने अडचण नाहीशी केलेली नाही, मात्र ती झाकलीही नाही. पशूने तिला जाऊ दिल्यानंतर आणि न परतण्याचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात लाभल्यानंतरच होकार येतो. तोवरचा प्रत्येक नकार तो निमूटपणे मान्य करतो. लहानपणी न उमगलेल्या ‘ऑनर’ ह्या नावाचा अर्थ नायिका येथे जगून दाखविते : पित्याचा शब्द पाळण्यासाठी ती जाते, आणि स्वतःचा शब्द पाळण्यासाठी परत येते. टाकून दिलेले नावच तिला अधिक शोभते, असे म्हणता येईल.

कादंबरीची दुर्बल बाजू तिच्या अंतात आहे. पशू राजपुत्र होतो, तेव्हा आपल्यासारखी रूपहीन मुलगी त्याला अनुरूप नाही, असे ब्यूटी म्हणते. त्यावर तो तिला आरशासमोर उभी करतो. आरशात तिला एक उंच, सुंदर तरुणी दिसते. मधल्या काळात ती वाढली आहे आणि आरसे टाळल्यामुळे तिला ते कळलेले नाही, असा ह्याचा वास्तव पातळीवर उलगडा करता येतो. कुमारवयातील मुलीला आपल्या रूपाविषयी वाटणारा न्यूनगंड हा पुष्कळदा भ्रम असतो, हे निरीक्षणही खरे आहे. पण रूपावाचून माणसाचे मोल ठरते, असे जी कादंबरी शेवटच्या पानांपर्यंत दाखवीत आली, ती अखेरीस नायिकेच्या पदरात रूपाचे बक्षीस टाकते, तेव्हा आधीचा युक्तिवाद लंगडा पडतो. पशूवर प्रेम करणाऱ्या वाचकाला त्याच्या जागी आलेला अनोळखी देखणा पुरुष नकोसा वाटावा, ही तर ह्या कथेची जुनीच अडचण आहे. झां कॉक्तोच्या १९४६ मधील प्रसिद्ध फ्रेंच चित्रपटाचा शेवटही प्रेक्षकाला अशीच हुरहूर लावतो. अँजेला कार्टर ह्या ब्रिटिश लेखिकेने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द ब्लडी चेंबर ह्या कथासंग्रहात ह्याच कथेची दोन रूपे दिली आहेत आणि त्यांपैकी ‘द टायगर्स ब्राइड’मध्ये पशू माणूस होण्याऐवजी नायिकाच वाघीण होते. कार्टरचे लेखन प्रौढांसाठी व उघडपणे बंडखोर आहे. मकिन्लीची प्रकृती तशी नाही. केवळ एका वर्षाच्या अंतराने आलेल्या ह्या दोन पुस्तकांची तुलना मात्र उद्‌बोधक ठरते.

मकिन्लीलाही हा प्रश्न सुटला, असे वाटले नसावे. सु. वीस वर्षांनी तिने हीच कथा पुन्हा लिहिली. रोझ डॉटर (१९९७) ह्या त्या कादंबरीत नायिका ग्रंथांत नव्हे, तर बागकामात रमणारी आहे; पशूच्या काचगृहातील सुकत चाललेले गुलाब जगविणे, हे तिचे काम होय. अखेरीस तिच्यापुढे निवड ठेवली जाते : पशूला मनुष्यरूप, संपत्ती आणि सत्ता परत मिळावी, की तो आहे तसाच राहून तिच्यासह तिच्या बहिणींच्या खेड्यात त्याने साधे आयुष्य कंठावे. ती दुसरा पर्याय निवडते आणि पशू पशूच राहतो. कादंबरी म्हणून रोझ डॉटर अधिक संमिश्र आणि काहीशी पाल्हाळिक आहे. ब्यूटीचा सुटसुटीतपणा आणि नर्मविनोदी निवेदन तीत नाही. परंतु पहिल्या कादंबरीने अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर अधिक धीट आहे. दोन्ही सलग वाचणाऱ्यास एकाच लेखिकेने स्वतःशी घातलेला वाद ऐकावयास मिळतो.

अमेरिकेत ‘तरुण प्रौढ’ म्हणजे साधारणतः बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी स्वतंत्र साहित्याची कल्पना प्रथम ग्रंथालयांच्या क्षेत्रात रुजली. अमेरिकन ग्रंथालय संघाने ह्या वयोगटाच्या सेवेसाठी १९५७ मध्ये स्वतंत्र विभाग निर्माण केला. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एस्. ई. हिंटनकृत दि आउटसायडर्स ह्या कादंबरीनंतर ह्या साहित्याची मुख्य वाट रोखठोक वास्तववादाची होती. घर, शाळा, टोळ्या, व्यसने हे तिचे विषय होते. परीकथा ही बालकांची, असा समज तेव्हा प्रचलित होता. वस्तुतः व्हीलनव्हने ती प्रौढांसाठी लिहिली होती आणि परीकथेचा बालकांशी असलेला संबंध हा ऐतिहासिक योगायोग आहे, असे जे. आर्. आर्. टॉल्कीन ह्याने १९३९ मधील आपल्या व्याख्यानात प्रतिपादिले होते. [⟶ परीकथा]. मकिन्लीने ही जुनी सामग्री कुमारवयाच्या खऱ्या प्रश्नांकडे वळविली. आपण कसे दिसतो, घर कधी सोडावे, होकार कोणाला आणि का द्यावा, हे ते प्रश्न होत. ह्या कादंबरीचा १९९८ मध्ये फीनिक्स पुरस्काराच्या सन्माननीय ग्रंथांत समावेश झाला; वीस वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या व तत्काली मोठा पुरस्कार न लाभलेल्या पुस्तकांचा ह्या पुरस्कारासाठी विचार होतो.

मकिन्लीने पुढे डीअरस्किन (१९९३) ही शार्ल पेरोच्या एका परीकथेवर आधारलेली, पित्याच्या अत्याचाराचा विषय असलेली आणि प्रौढांसाठी लिहिलेली कादंबरी, तसेच ‘निद्रिस्त राजकन्ये’च्या कथेचे रूपांतर असलेली स्पिंडल्स एंड (२०००) ही कादंबरी लिहिली. द हीरो अँड द क्राउन (१९८४) ह्या तिच्या स्वतंत्र अद्भुतरम्य कादंबरीला १९८५ चे न्यूबेरी पदक मिळाले. ह्याच परंपरेत जेन योलेनची ब्रायर रोझ (१९९२) ही परीकथेची सांगड ज्यूंच्या संहाराशी घालणारी कादंबरी, गेल कार्सन लव्हाइनची एला एन्चँटेड (१९९७), डॉना जो नापोलीची पशूच्या मुखातून सांगितलेली व इराणात घडणारी बीस्ट (२०००), मरिसा मायरची सिंडरेलाला यंत्रमानवी देह देणारी सिंडर (२०१२) आणि सारा जे. मास हिची अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस (२०१५) ह्या कृती येतात. त्यांपैकी शेवटची सुंदरी-पशूच्या कथेवरच आधारलेली आहे. तिची मांडणी अधिक भडक व शृंगारप्रधान असल्याने ती कुमारांसाठी की प्रौढांसाठी, ह्याविषयी ग्रंथविक्रेत्यांतही एकवाक्यता राहिली नाही.